रिटेनर घट्ट बसतोय? आधी दातांचं म्हणणं ऐकून घ्या

दातांच्या तारा निघाल्या की बहुतेकांना वाटतं, सुटलो एकदाचे! मग डॉक्टर हातात एक छोटी डबी देतात आणि सांगतात, "हा रिटेनर रोज लावायचा." पहिले दोन महिने आपण इमानदारीत लावतो. मग परीक्षा येते, घरात लग्न निघतं, डबी बॅगेच्या तळाशी जाते. तीन आठवड्यांनी आठवण होते, लावून बघतो तर घट्ट! आता जोर लावून बसवायचा, की नाद सोडायचा?

उत्तर 'किती घट्ट' यावर आहे. पण ते पटायला आधी दात हलतात कशामुळे ते बघू.

दात मागे का फिरतात?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा. तारांनी दात सरकतो तो याच थरामुळे आणि मागे फिरतो तोही याच्याच कृपेने. तारा निघाल्यावर हे तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला तीन-चार महिने घेतात. हिरड्यांमधले तंतू त्याहून हट्टी. नॉर्वेचे संशोधक कोरे राइटन यांनी कुत्र्यांचे वाकडे दात फिरवून पाहिले होते (१९५९). २३२ दिवस दात जागेवर धरून ठेवल्यावरही हिरडीतले काही तंतू ताणलेलेच होते. ताणलेलं रबर काय करतं, ते वेगळं सांगायला नको. म्हणून मुळात गोल फिरलेला दात सरळ केला असेल, तर तो परत फिरण्याची भीती जास्त.

दुसरं कारण वयाचं. ज्यांनी आयुष्यात कधी तारा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे पुढचे दात वयानुसार दाटीवाटीने उभे राहू लागतात. "अक्कलदाढ आली आणि तिने पुढचे दात ढकलले" हे आपण हमखास ऐकतो, पण अभ्यासांमधून त्याला भक्कम आधार मिळालेला नाही.

मग लावायचा तरी किती वर्षं?

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी दाढांच्या पुढचे दात काढून उपचार केलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. रिटेनर बंद करून दहा वर्षं झाल्यावर सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे दात समाधानकारक राहिले नव्हते (१९८१). वीस वर्षांनी बघितलं तर फक्त १० टक्के लोकांचे ठीक होते (१९८८). म्हणूनच आज बरेच डॉक्टर म्हणतात, दात सरळ हवेत तोवर रात्रीचा रिटेनर हवा.

कुठल्या प्रकारचा रिटेनर सगळ्यात चांगला? कॉक्रेनने या विषयावरचे प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा एकाच प्रकाराची ठाम शिफारस करण्याइतका पुरावा मिळाला नाही. त्यामुळे मैत्रिणीचा पारदर्शक आणि तुमचा तारेचा, म्हणून हिरमुसू नका. जो तुम्ही खरोखर लावाल, तो चांगला.

बसत नाहीये, काय करू?

आरशासमोर उभे राहा, बोटांनी हलका दाब देऊन लावा आणि नीट बघा.

१. *पूर्ण बसतो, पण दाब जाणवतो.* दात थोडेसे हलले आहेत. रिटेनर लावत राहा. काही दिवस खाण्यापिण्याची वेळ सोडून जास्तीत जास्त वेळ लावला, तर घट्टपणा सहसा कमी होतो. नाही झाला तर डॉक्टरांना फोन करा.

२. *दात आणि प्लास्टिकमध्ये फट राहते, किंवा एका बाजूने उचलला जातो.* जोर लावू नका, आणि दातांनी चावून तर अजिबात बसवू नका. प्लास्टिक तडकतं आणि दातांवर नको त्या दिशेने दाब येतो. त्याच आठवड्यात दाखवा. लवकर गेलात तर नव्या रिटेनरवर भागू शकतं. सहा महिने थांबलात तर कदाचित पुन्हा तारा.

३. *सैल झालाय.* तारेच्या प्लेटचे हुक सैल होतात, ते डॉक्टर घट्ट करून देतात. घरी पक्कड घेऊन बसू नका. पारदर्शक रिटेनर सैल झाला असेल तर तो बहुधा झिजलाय किंवा उष्णतेने वाकलाय, नवाच करावा लागेल.

मध्यंतरी दातात सिमेंट भरलं किंवा कॅप बसवली असेल, तर दातांचा आकारच बदललेला असतो. दंतवैद्याकडे अशा कामाला जाताना रिटेनर सोबत न्या.

दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार असेल तर जास्त सावध राहा. ती एका दातावरून सुटली तरी दुखत नाही, म्हणून कळतही नाही, आणि तो दात गुपचूप सरकतो. क्वचित तार वाकून स्वतःच दात ढकलू लागते. त्यात दाताचं मूळ हाडाबाहेर सरकल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. एखादा दात अचानक तिरका दिसला किंवा त्याची हिरडी खाली सरकली, तर थांबू नका.

रोजची निगा

गरम पाणी वर्ज्य. बरेच पारदर्शक रिटेनर पीईटीजी नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते साधारण ८० अंशांना मऊ पडतं. म्हणजे "उकळून निर्जंतुक करू" म्हणाल तर रिटेनर गेला. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका. गार पाणी, मऊ ब्रश, थोडा सौम्य साबण पुरे. टूथपेस्टमधल्या कणांनी प्लास्टिकवर ओरखडे पडतात आणि जंतूंना घर मिळतं. पांढरा थर धरला तर तो क्षारांचा. खरवडू नका, कवळी साफ करायच्या गोळीच्या पाण्यात ठेवा, पाणी मात्र कोमटच.

रिटेनर लावून चहा नको, उसाचा रस तर नकोच. गोड पाणी आत अडकतं आणि लाळेला ते धुता येत नाही. आमटी-भाजीतल्या हळदीने पारदर्शक रिटेनर पिवळा पडतो, तो वेगळाच.

आणि जेवताना काढलात की थेट डबीत. रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर उष्ट्याबरोबर कचऱ्यात जातो, लग्नाच्या पंगतीत तर हमखास.

शेवटचं एक काम आजच करा. तुमच्या दातांचा साचा किंवा स्कॅन जपून ठेवलाय का, हे डॉक्टरांना विचारा. रिटेनर तुटला आणि दात अजून हलले नसतील, तर त्यावरून नवा लवकर करून मिळतो. तोवर जुना बसत असेल तर तोच लावा.