एका पिंजऱ्यात दोन नर

आमच्या धाकट्या मुलीने गिनीपिगचा हट्ट धरला तेव्हा आम्ही सरळ नाही म्हटले होते. दहा बाय बाराची खोली, माणसे पाच. त्यात हा जीव ठेवायचा कुठे? पण मुलांच्या हट्टापुढे आईबापांचे किती चालते हे वाचकांना सांगायला नको. भुरा घरात आला आणि आठ दिवसांत घरचाच होऊन बसला. कोथिंबिरीच्या पिशवीचा नुसता आवाज झाला की शिट्टी मारल्यासारखा ओरडायचा.

परंतु मुले शाळेत आणि आम्ही दोघे कामावर गेलो की तो दिवसभर कोपऱ्यात अंग चोरून बसे. आमची आजी एकदा म्हणाली, "अरे, त्याला कुणाशी बोलायचं म्हटलं तर कोण आहे इथं?" आजीचे बोलणे खरे होते. गिनीपिग हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या मुलखातला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले, मांसासाठी. पेरू देशातील शेतकऱ्यांच्या स्वयंपाकघरात आजही हे प्राणी घोळक्याने हिंडतात. एकटे राहणे त्यांच्या रक्तातच नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर 2008 पासून गिनीपिग एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे.

मग दुसरा आणायचे ठरले. मादी आणावी तर पिल्लांचा प्रश्न. मादी महिन्याभराची झाली की गाभण राहू शकते आणि दोन-सव्वादोन महिन्यांत विते. आमच्या खोलीला ते परवडणारे नव्हते. म्हणून दोन महिन्यांचा एक नर आणला. त्याचे नाव ठिपक्या.

इथे आमची पहिली चूक झाली. आणल्या आणल्या आम्ही त्याला भुऱ्याच्या पिंजऱ्यात सोडले. पिंजरा दुकानातला, दीड फुटाचा. भुऱ्याने दात कटकट वाजवले, अंगावरचे केस फुलवले आणि झडपच घातली. सोडवायला हात घातला तर आमच्याच बोटाला चावा बसला. ठिपक्याचा कान थोडा फाटला. मुलगी रडू लागली.

प्राण्यांच्या दवाखान्यातील डॉक्टरबाईंनी औषध दिले आणि चांगले खडसावलेही. "तुमच्या घरात कुणी परका न विचारता घुसून पथारी पसरू लागला, तर तुम्ही काय कराल?" नवा गिनीपिग आला की त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवावा. खोकला, खरूज असे काही असेल तर तेवढ्यात कळते. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मोरीजवळचा कोपरा दिला म्हणून आमचे निभावले. बाईंनी आणखी एक बजावले. माणसाची जखमेची औषधे, विशेषतः पेनिसिलीनच्या जातीची, या प्राण्याला कदापि पाजू नयेत. त्याने तो मरतो.

मधल्या काळात जागेचे बघितले. दोन नरांना भांडायला कारण लागते ते मुख्यतः जागेचे. खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा दिल्या आणि खाली पाच फूट लांब, दोन फूट रुंद असे जाळीचे कुंपण केले. तळाला जुना फ्लेक्स, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर जुन्या चादरीचे तुकडे. वस्तीत मांजरे आणि घुशी काही कमी नाहीत, म्हणून वरूनही जाळी बांधली. त्यानंतर आठवडाभर मधोमध जाळी लावून दोघांना शेजारी शेजारी ठेवले. एकाच्या अंगाखालचे फडके दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे पहिल्याकडे, असे रोज बदलले. वासाने ओळख पटते.

आणि एका रविवारी सकाळी प्रत्यक्ष भेट घडवली. खोलीच्या मधोमध, म्हणजे जी जागा दोघांपैकी कुणाचीच नव्हती तिथे, धुतलेली चादर अंथरली. गवताचे दोन ढीग, पाण्याच्या दोन बाटल्या, लपायला दोन खोकी. प्रत्येक खोक्याला दोन दारे कापली, कारण एकच दार असले की आत सापडलेल्याला पळायला वाट राहत नाही. घरातली सगळी माणसे पाय वर घेऊन खाटेवर बसली. हाताशी जाड टॉवेल ठेवला. वेळ आलीच तर तो मध्ये टाकायचा, हात घालायचा नाही.

तासभर जे चालले ते पाहून नवखा माणूस घाबरेल. घुर्रर्र असा आवाज काढीत, मागचे अंग डोलवीत भुरा त्याच्याभोवती फिरत होता. मागून वास घेणे, पाठलाग, पाठीवर चढणे, नाक उंच करून कोण मोठा ते दाखवणे, सगळे झाले. हे भांडण नव्हे, कोण मोठा कोण धाकटा याचा निवाडा आहे. यात वारंवार सोडवत बसले तर निवाडा होतच नाही. आजी म्हणाली, "दोन जावा पहिल्यांदा एका चुलीपुढं आल्या की काय कमी घुरघुरतात!" दात सतत वाजू लागले, दोघे समोरासमोर तोंड वासून उभे राहिले तर मात्र सावध व्हावे. रक्त निघाले तर ताबडतोब वेगळे करावे.

आमच्याकडे ठिपक्याने नाक खाली घेतले आणि दुपारपर्यंत दोघे एकाच ढिगातले गवत खाऊ लागले. मग पिंजरा पूर्ण धुऊन, कुणाचाच वास राहणार नाही असा करून, दोघांना एकदम आत सोडले.

चार महिने बरे गेले. ठिपक्या सहा महिन्यांचा झाला आणि घरात पुन्हा धुसफूस सुरू झाली. वयात येणारा पोरगा बापाला उलटून बोलतो तशातलीच गत. रात्रभर पाठलाग, झोप कुणालाच नाही. एकाला देऊन टाकावे इथपर्यंत आम्ही आलो होतो. मुलगी जेवेना. चौकशी करता कळले की शेजारच्या मुलाने आपली मादी गिनीपिग खेळायला आणली होती आणि आमची मुलगी तिला मांडीवर घेऊन, हात न धुता, या दोघांना गवत घालत होती. मादीचा वास आला की नरांची दोस्ती टिकत नाही. मादीचे येणे बंद केले, गवताचा आणखी एक ढीग वाढवला, शिमला मिरचीचे तुकडे दोन टोकांना टाकू लागलो. (माणसाप्रमाणेच या प्राण्यालाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, म्हणून मिरची रोज हवीच.) रक्त आले नाही, म्हणून वेगळे केले नाही. वेगळे करायची पाळी आली असती तरी मध्ये जाळी ठेवून शेजारीच ठेवले असते.

दर रविवारी भाजीवाल्या मामांच्या काट्यावर दोघांचे वजन होते. एकाचे उतरू लागले की समजावे, दुसरा त्याला खाऊ देत नाही. गेल्या रविवारी भुरा साडेनऊशे ग्रॅम भरला, ठिपक्या नऊशे. मामांनी दोघांना कोथिंबिरीची एकच काडी दिली. दोन टोकांनी दोघांनी ती ओढली आणि मधोमध तुटली.