औषध नव्हे, विष



मी आयुष्यभर मराठी शिकवली. वैद्यक वा शेती हे माझे विषय नव्हेत. तरी आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी कीटकनाशकांची विषबाधा हा विषय मी निवडला, तो एका शब्दामुळे. विदर्भातला शेतकरी कपाशीवर ‘औषध मारतो’. आपण बसलो आहोत त्या सिटी सेंटरपासून थोडे बाहेर पडले, की खेड्यातला माणूस गव्हात ‘दवा’ ठेवतो. दोन्ही ठिकाणी वस्तू एकच आहे : विष.

धान्य पिकले की जी वाळून जाते, त्या वनस्पतीला संस्कृतात ओषधी म्हणतात. गहू ही ओषधीच, आणि औषध हा शब्द ओषधीवरून आला. पिकातून जन्मलेला हा शब्द आज पिकावरच्या विषाला चिकटला आहे. नाव सौम्य असले की भीती जाते. मग बाटली धान्याशेजारी ठेवण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर व छातीवर येई. अनेकदा दोन-तीन रसायने एकत्र मिसळली जात. मजुरांनी तोंड का झाकले नाही, असे पुष्कळांनी विचारले. परंतु रोजंदारीवरचा मजूर रसायन निवडत नाही, पंपही त्याचा नसतो, आणि दमट उकाड्यात अंगभर जाड कपडे घालून दिवसभर राबणे किती कठीण, हे प्रश्न विचारणाऱ्याला ठाऊक नसते.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस रसायने पोटातून जातात, तशीच कातडीतून व श्वासातूनही शरीरात शिरतात. मज्जातंतूंचा संदेश थांबवणारे एन्झाइम ती निकामी करतात. मग घाम, लाळ, उलट्या सुरू होतात, बाहुल्या आकुंचन पावतात आणि श्वास अडतो. वेळेवर रुग्णालयात पोहोचल्यास ॲट्रोपीनने जीव वाचू शकतो. म्हणून रुग्णाबरोबर रसायनाचे वेष्टनही न्यावे.

आपल्या गव्हाच्या मुलखातील विष निराळे आहे. धान्य किडू नये म्हणून ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून दमट हवेत फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर खास उतारा नाही. अशा धान्याच्या खोलीत कोणीही झोपू नये, हे घरोघरी सांगितले पाहिजे.

केवळ सावधगिरीचा उपदेश मात्र पुरेसा नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरावर माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला. वेष्टनावर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे त्रिकोण छापले जाऊ लागले. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज आहे. वास्तविक तो फक्त ‘कमी विषारी’ असे सांगतो. यवतमाळनंतर पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात तात्पुरती बंदी आली.

श्रीलंकेने दुसरा मार्ग धरला. अतिविषारी रसायने तिने टप्प्याटप्प्याने बाजारातूनच काढली. १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. निराशेचा क्षण पुष्कळदा ओसरतो. त्या क्षणी घरात जालीम विष हाताशी नसले, तर माणूस वाचतो आणि त्याला आधार देण्यास अवधी मिळतो. श्रीलंकेतील पिकाचे उत्पन्नही या बंदीने घटल्याचे दिसले नाही.

या शाळेतून गेलेल्यांपैकी कोणी डॉक्टर आहेत, कोणी अधिकारी, कोणी दुकानदार, कोणी अजून शेती राखून आहेत. विषाची विक्री रोखणे ज्यांच्या हाती आहे त्यांनी ती रोखावी. बाकीच्यांनी निदान एक करावे : विषाला विष म्हणावे. रोगापेक्षा औषध भयंकर, असे आपण थट्टेने म्हणतो. यवतमाळच्या कपाशीत ते शब्दशः खरे ठरले.