खेळाडू, वार्ताहर आणि आपण

उन्हे उतरली की सोनिवलीपासून अंबरनाथ-उल्हासनगरपर्यंत, जिथे म्हणून चार हात मोकळी जागा उरली असेल तिथे मुले चेंडू घेऊन जमतात. बहुतेकांच्या हाती बॅट असते. तथापि फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा घोळकाही आताशा दिसू लागला आहे. त्यांच्या अंगात परदेशी क्लबांचे सदरे असतात आणि कडेला बसलेल्या एखाद्याच्या हातात मोबाइल असतो. गोल झाला की तो टिपतो. गोल हुकला, आणि हुकवणारा चिडून दोन वावगे शब्द बोलला, तर तेही टिपतो. रात्री जेवणे आटोपेपर्यंत ते चित्र आळीभर फिरलेले असते, आणि दुसऱ्या दिवशी तो मुलगा मैदानावर येत नाही.

खेळाडू आणि वार्ताहर यांच्यात जगभर जो जुना तंटा चालू आहे, त्याची ही धाकटी आवृत्ती होय. खेळाडूने बोलावे की न बोलावे? बोलणे हा त्याच्या कामाचा भाग आहे की त्याच्यावर लादलेला वेठबिगार? हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, म्हणून आम्ही तो येथे थोडा उलगडून पाहणार आहोत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, खेळाडूला वर्तमानपत्र हे मुळात शत्रू म्हणून भेटलेले नाही. आपल्याच इतिहासातले उदाहरण घेऊ. १९२० साली मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांच्या वेळी हिंदू संघाच्या कर्णधारपदाचा वाद निघाला. पाळवणकर बंधूंची योग्यता कोणी नाकारू शकत नव्हते. आड येत होती ती त्यांची जात. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाजूला झाले आणि आपले म्हणणे त्यांनी निवेदन काढून वर्तमानपत्रांतून लोकांसमोर मांडले. ज्यांना जिमखान्याच्या बैठकीत आवाज नव्हता, त्यांना छापील रकान्यात तो मिळाला. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. १९४८ साली त्यांनी आपले क्रीडा-जीवन मराठीत ग्रंथरूपाने स्वतःच लिहिले. आपली हकीकत दुसऱ्याने सांगण्यापेक्षा आपण सांगावी, ही खेळाडूची इच्छा अशी जुनी आहे.

मग बिनसले कुठे? आमच्या मते तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण पैशाचे. पूर्वी सामना पाहण्यासाठी लोक तिकीट काढीत आणि त्यावर खेळ चाले. आता मोठ्या स्पर्धांचा खर्च बराचसा दूरचित्रवाणीच्या हक्कांवर आणि जाहिरातींवर चालतो. ज्याने हक्क विकत घेतले त्याला खेळाबरोबर खेळाडूचे बोलणेही हवे असते. म्हणून सामना संपताच, घाम पुसला न पुसला तोच, खेळाडूसमोर ध्वनिक्षेपक येतो. त्याच्यामागे जाहिरातदारांच्या नावांचा फलक उभा असतो. बोलणे ही अशा रीतीने विकलेली वस्तू झाली, आणि विकलेली वस्तू दिली नाही तर दंड आला.

अमेरिकेत जो फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. परंतु तिथला मार्शॉन लिंच या खेळाडूचा दाखला या बाबतीत बोलका आहे. वार्ताहरांशी न बोलल्याबद्दल २०१४ साली त्याला एक लाख डॉलर दंड झाला. पुढच्या जानेवारीत अंतिम सामन्यापूर्वीच्या वार्ताहर-दिनाला तो आला, खुर्चीवर बसला, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत राहिला, की दंड होऊ नये म्हणून मी येथे आलो आहे. जवळजवळ तीस वेळा तेच वाक्य! लोक हसले. पण त्यातला अर्थ हसण्यासारखा नव्हता. देह हजर करता येतो, मन हजर करता येत नाही, एवढेच त्याने सिद्ध केले. २०२१ साली टेनिसपटू नाओमी ओसाका हिने पॅरिसच्या स्पर्धेत, मनःस्वास्थ्याचे कारण सांगून, वार्ताहर परिषदेस जाण्याचे नाकारले. तिला पंधरा हजार डॉलर दंड झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिने स्पर्धा सोडली. दंडाने बोलणे मिळाले नाही, आणि खेळही गेला.

दुसरे ठिकाण विषयाचे. खेळाविषयी लिहिणारा जेव्हा खेळ सोडून घरात डोकावू लागतो, तेव्हा दार बंद होते. १९८२ च्या विश्वचषकात इटलीचा संघ पहिल्या फेरीतले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून कसाबसा पुढे सरकला. तिकडच्या पत्रांनी खेळावर टीका केली, ती योग्यच होती; पण पैशांच्या बातम्या आणि खेळाडूंच्या खासगी आयुष्यावरच्या कुचाळक्याही छापून येऊ लागल्या. तेव्हा संघाने वार्ताहरांशी मौन धरले. सर्वांच्या वतीने एकट्या कर्णधाराने, दीनो झोफ याने, बोलावे असे ठरले. आणि हा गृहस्थ तर स्वभावतःच अबोल! त्यानंतर पाओलो रॉसी याने ब्राझीलविरुद्ध तीन गोल केले आणि अखेर पश्चिम जर्मनीला ३-१ असे हरवून इटलीने चषक नेला. मौनामुळेच विजय मिळाला असे आम्ही म्हणणार नाही. खेळातल्या यशाची कारणे इतकी सोपी नसतात. पण टीका आणि कुचाळकी यांतली रेषा पुसली गेली की टीकेचाही अधिकार जातो, हे त्यावरून दिसते.

तिसरे ठिकाण वेळेचे, आणि आपल्या देशाला ते अधिक लागू आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर, एटीके मोहन बागान आणि केरळ ब्लास्टर्स यांचा सामना झाला. साथीमुळे त्या वर्षी लीगचे सर्व सामने गोव्यातच, प्रेक्षकांविना होत होते. खेळाडू महिनोन्‌महिने हॉटेल आणि मैदान यांच्यात कोंडलेले होते. सामना २-२ असा सुटला. बरोबरीचा गोल अगदी शेवटच्या क्षणी झाला. मैदानातून बाहेर पडताना बागानचा बचावपटू संदेश झिंगन हिंदीत म्हणाला, की आपण बायकांबरोबर सामना खेळून आलो. ते उद्गार कॅमेऱ्याने टिपले आणि काही तासांत देशभर पोचले.

ते उद्गार वाईटच होते. स्त्रिया याच देशात तोच खेळ तेवढ्याच कष्टाने खेळतात; हिणवण्यासाठी त्यांचे नाव घेणे हे क्षणिक रागानेही क्षम्य ठरत नाही. झिंगनने क्षमा मागितली. ज्या केरळच्या संघाचा तो पूर्वी लाडका खेळाडू आणि कर्णधार होता, ज्या संघाने तो गेल्यावर त्याचा २१ हा क्रमांक मानाने निवृत्त केला होता, त्याच संघाच्या चाहत्यांनी तो मान काढून घ्या अशी मागणी केली. येथवर सारे न्यायाचे म्हणता येईल. परंतु अपशब्दांचा वर्षाव त्याच्या घरच्या माणसांवरही झाला. स्त्रियांचा अवमान झाला म्हणून रागावलेल्या लोकांनी त्या माणसाच्या घरच्या स्त्रियांना शिव्या द्याव्यात, यात कोणता न्याय? वार्ताहराला निदान संपादक असतो, आणि त्याच्या लिहिण्याला नाव असते. गर्दीला दोन्ही नाही.

आता दुसरी बाजूही पाहू, कारण एकट्या खेळाडूची कड घेणे हे आमचे काम नव्हे. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरवले. कर्णधार सुनील छेत्री याने त्यांतले तीन गोल केले. सामन्याला प्रेक्षक आले अवघे २,५६९! दुसऱ्या दिवशी छेत्रीने वार्ताहरांची वाट न पाहता स्वतःचे छोटेसे चलच्चित्र लोकांपुढे ठेवले. त्याचा मथितार्थ असा: परदेशी क्लबांवर प्रेम करणाऱ्यांनो, आमचा खेळ त्या तोडीचा नाही हे आम्हांस ठाऊक आहे, पण घरबसल्या शिव्या देण्यापेक्षा मैदानावर या, समोरासमोर ओरडा, हव्या तर शिव्याही द्या, पण या. ४ जूनला केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. तिकिटे संपली. भर पावसात लोक बसले, भारत ३-० ने जिंकला आणि छेत्रीने त्यांतले दोन गोल केले. बदलापूरहून दादरला गाडी बदलून अंधेरी गाठणे आणि रात्री उशिराच्या लोकलने परतणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. तरी अशा लांबच्या प्रवासाला माणसे त्या दिवशी निघाली ती एका खेळाडूच्या बोलण्यामुळे.

यावरून कोणी म्हणेल, की मग वार्ताहर हवाच कशाला? खेळाडूने परस्पर बोलावे. आम्हांस हे मान्य नाही. स्वतःविषयी स्वतः बोलणारा माणूस स्वतःला अडचणीचा प्रश्न विचारीत नाही. खेळाडूंचे पगार थकले, संघटनेत घोळ झाला, एखाद्या गुणी मुलाला डावलले गेले, तर ते शोधून काढणारा तिसरा माणूस लागतो. छेत्रीची हाकसुद्धा घरोघर पोचली ती दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी ती उचलून धरली म्हणून. वार्ताहर हा वाचकाचा मुखत्यार होय; मुखत्यार मुजोर झाला तर त्याला बदलावे, पण मुखत्यारीच बुडवू नये.

आणखी एक अडचण आपल्याकडे विशेष आहे, ती भाषेची. आपले फुटबॉलपटू मणिपूर-मिझोरामचे, गोव्याचे, केरळचे, आपल्या कोल्हापूरचे असतात. प्रश्न मात्र बहुधा इंग्रजीत येतात. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा सारे शहर दोन पक्षांत वाटले जाते; तिथल्या पोराला मराठीत विचारा, तो सामन्याचा क्षणन्‌क्षण उभा करील. त्यालाच परक्या भाषेत, डोळ्यांवर दिव्यांचा झोत टाकून विचारा, तो दोन शब्दांत उत्तर देऊन मान खाली घालील. आणि दुसऱ्या दिवशी छापून येईल, की अमका खेळाडू तुसडा आहे. हा तुसडेपणा नव्हे, हा संकोच आहे. जो वार्ताहर खेळाडूच्या भाषेत बोलतो, त्याच्या जवळ बसतो, सरावाला चार दिवस हजर राहतो, त्याला उत्तरे मिळतात.

मग मार्ग कोणता? आम्हांस तीन साध्या गोष्टी सुचतात. खेळाडूने खेळाविषयी बोलण्याचे टाळू नये, कारण ज्यांनी पदरचे पैसे आणि वेळ घालवून सामना पाहिला त्यांना 'काय झाले' हे विचारण्याचा हक्क आहे. वार्ताहराने घामाला थोडा वाळू द्यावा. पराभवानंतर पाच मिनिटांनी मिळालेले उत्तर झणझणीत असेल, पण ते खरे असेलच असे नाही. आणि उरलेले जे आपण, त्यांनी हे ओळखावे की आता वाचक केवळ वाचक राहिलेला नाही. हातात मोबाइल आला त्या दिवशी आपण सारेच वार्ताहर झालो. वार्ताहराचा धर्म मात्र आपल्याला कोणी शिकविला नाही.

तो धर्म मोठा अवघड नाही. सोनिवलीच्या त्या मुलाचा हुकलेला गोल टिपला, तर तो त्याला दाखवावा, म्हणजे पाय कुठे चुकला ते त्याला कळेल. त्याचे रागाचे दोन शब्द टिपले असतील, तर ते पुसून टाकावेत, आणि उद्या तो मैदानावर आला नाही तर त्याच्या घरी जाऊन त्याला बोलावून आणावे. खेळात हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी परत येतो. हसे झालेला मुलगा येत नाही. आपल्या भागातून पुढे कोणी मोठा खेळाडू होईल की नाही हे आज कोण सांगणार? पण जो होऊ शकला असता तो आपल्या हातून घरी बसू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.