हिरव्याचा लाल करताना

रंगीत दिव्यांच्या सिग्नलखालून गाडी गेली की तो लाल होतो. तो लाल करायला कुणी बसलेलं नसतं. गाडीच तो करते. रुळांच्या एका ठरावीक तुकड्यात हलकासा विद्युतप्रवाह सोडलेला असतो आणि तो दुसऱ्या टोकाचा रिले उचलून धरतो. चाक त्या तुकड्यावर आलं की प्रवाह आसामधून परस्पर वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये याचं पेटंट घेतलं. खुबी अशी, की वायर निघाली किंवा बॅटरी संपली तरी रिले पडतोच. अशा बिघाडाने गाड्या खोळंबतात, पण खोटा हिरवा दिसत नाही.

आपल्याकडे असे स्वयंचलित दिवे पहिल्यांदा लागले 1928 साली, जीआयपी रेल्वेच्या व्हीटी ते भायखळा टप्प्यात. सेमाफोरच्या, म्हणजे खांबावरच्या हलत्या हाताच्या सिग्नलच्या, जमान्यात केबिनमधला माणूस तरफ ओढून हात पाडायचा आणि गाडी गेली की तरफ परत टाकायचा. तो विसरला तर मागच्या गाडीलाही तोच पडलेला हात दिसणार. म्हणून काही सेमाफोरांना ‘रिव्हर्सर’ जोडले गेले : तरफ तशीच राहिली तरी गाडीने रूळ व्यापताच हात आपोआप आडवा.

सिग्नल नेमका कधी लाल व्हावा, यावरही खल झालेला आहे. ब्रिटनमध्ये मुख्य सिग्नल पहिल्या चाकाला लाल होतो. शंटिंगचा, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवण्यासाठीचा, मात्र शेवटच्या चाकाला, कारण इंजिन डबे ढकलत असेल तर चालक सर्वांत मागे असतो. डबे पुढे गेले म्हणून सिग्नल लाल झाला, तर त्याच्या डोळ्यांदेखत होईल आणि तो ब्रेक मारेल. मुख्य सिग्नलचा रुळांचा तुकडाही खांबापाशी सुरू न होता थोडा पुढे सुरू होतो, तो याचसाठी. चालकाला आपल्यासमोर लाल झालेला सिग्नल दिसणं ही रेल्वेत क्षुल्लक बाब नाही. रिले थरथरून दिवा क्षणभर लाल होऊन परत हिरवा झाला, तर त्याला ‘बॉबिंग’ म्हणतात आणि त्याचीही चौकशी होते.

आता माणसाकडे येऊ. हिरवा दिलेला सिग्नल गाडी येण्याआधीच परत लाल करायची वेळ स्टेशन मास्तरवर कधीतरी येते : रुळावर काही पडलं, मालगाडीचा डबा घसरला, फाटकात ट्रक अडकला. आपल्या रिले पॅनलवर त्यासाठी ‘ईजीजीएन’ नावाचं बटण असतं. ते आणि त्या सिग्नलचं बटण एकदम दाबलं की सिग्नल तत्क्षणी लाल. परवानगी नाही, प्रतीक्षा नाही.

पण सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ, तिथेच अडकलेले राहतात. पॅनलवर मार्गाची पांढरी पट्टी उजळलेलीच दिसते. मार्ग मोडायचा तर ‘ईयूयूवायएन’ हे दुसरं बटण. त्याने शेजारच्या काउंटरचा आकडा एकने वाढतो, आणि तो आकडा कारणासह वहीत लिहावा लागतो. तरीही मार्ग लगेच सुटत नाही, 120 सेकंद जावे लागतात. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर कापते. तुम्ही लाल केलात तेव्हा चालक कदाचित सिग्नलच्या इतका जवळ असेल की थांबणं त्याच्या हातात नाही. तो चुकून पुढे आलाच तर त्याच्या चाकांखाली सांधा फिरता कामा नये. ही दोन मिनिटं त्याच्यासाठी आहेत : एक तर तो थांबेल, नाही तर सांध्यावरून निघून जाईल. यंत्र लाल करण्याच्या बाबतीत माणसावर पूर्ण विश्वास ठेवतं, मोकळं करण्याच्या बाबतीत अजिबात नाही. मला हा भेदभाव फार आवडतो. घाईत असलेल्या मास्तरांना आवडत असेल असं नाही.

निखळ स्वयंचलित सिग्नलची तऱ्हा निराळी. त्याला बटणच नसतं. आपल्या नियमांप्रमाणे असा सिग्नल लाल असेल तर चालक दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबून, अत्यंत सावधपणे पुढे जाऊ शकतो. म्हणजे तो लाल ‘थांबा’ म्हणत असला तरी ‘कायमचे थांबा’ म्हणत नाही. गाडी खरोखर रोखून धरायची तर अर्धस्वयंचलित सिग्नल लागतो. त्यावरचं ‘ए’ अक्षर पेटलेलं असेल तर तो आपोआप चालतोय. ते विझवलं की ताबा मास्तरकडे, आणि मग त्याच्या हुकमाशिवाय गाडी हलायची नाही.

सिग्नल परत लाल करण्याच्या बटणाचा विषय निघाला की लॅडब्रोक ग्रोव्हचं नाव येतंच. 5 ऑक्टोबर 1999, सकाळचे आठ वाजून गेलेले. लंडनच्या पॅडिंग्टनहून निघालेली डिझेल गाडी एसएन 109 हा लाल सिग्नल ओलांडून समोरच्या वेगवान गाडीवर आदळली आणि 31 जण गेले. तोच सिग्नल त्याआधीच्या सहा वर्षांत आठदा ओलांडला गेला होता. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत गाडीने लाल ओलांडल्यानंतरच्या, नियंत्रण केंद्रातल्या मोजक्या सेकंदांचाही कीस काढला गेला : चालकाच्या ध्यानात येऊन तो स्वतःच थांबेल, म्हणून जरा वाट पाहायची तिथली सवय. आज ब्रिटनमध्ये काही ठिकाणी एका कृतीत अख्ख्या भागातले सिग्नल लाल करणारं गटनियंत्रण असतं. एकेक सिग्नल शोधत बसण्याइतका वेळ अशा वेळी नसतो.

हे सगळं आता घरी बसूनही करता येतं. ब्रिटिश नियंत्रण केंद्रांचे पडदे जसेच्या तसे उतरवणारा ‘सिमसिग’ हा संगणकावरचा कार्यक्रम हौशी मंडळी रात्ररात्र चालवतात. त्यात मार्ग मोडला की सुटण्याची वाट पाहावी लागते, रिले मध्येच बिघडतात, लाल सिग्नलपाशी खोळंबलेला चालक फोन करतो. नवखे लोक आधी अशा सिग्नलवर क्लिक करत बसतात ज्याला परत लाल करायची सोयच दिलेली नाही. मग त्याच्या मागचा कोणता सिग्नल आपल्या ताब्यात आहे, हे हुडकायला शिकतात. ही नजर खऱ्या पॅनलवरही तशीच लागते.

पण अशा सरावात दिवसभर वेळापत्रक सांभाळलं जातं, आणि लाल ओलांडून आलेली गाडी फार क्वचित समोर येते. सिग्नल लाल करायचं बटण तर अशा प्रसंगांसाठीच आहे. प्रशिक्षकाने तो प्रसंग आगाऊ न सांगता, भर गर्दीच्या तासात, दोन फोन वाजत असताना घालावा असं मला वाटतं. सांगून घेतलेल्या परीक्षेत बोट बरोबर बटणावरच जातं.