मानेवरचा काळेपणा मळ नाही, घासू नका!



मागच्या महिन्यात मारुंजीतल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, सह्या झाल्या, चहा आला. चहा पिता पिता एक ताई म्हणाल्या, "मॅडम, या पोरीची मान बघा हो. डाळीचं पीठ लावलं, लिंबू लावलं, परवा वजरीनं घासली तर रक्त आलं. पण मळ काही निघत नाही." मुलगी अकरावीत शिकते. एवढ्या उकाड्यात ओढणी गळ्याभोवती गुंडाळून खाली मान घालून बसली होती.

तो मळ नव्हताच. मी हे सांगितलं तेव्हा बैठकीतल्या आणखी चौघींनी पदर बाजूला करून आपापली मान दाखवली. म्हणून या अंकात याच विषयावर लिहितेय.

हा काळेपणा येतो कुठून?

आपण साखर, भात, चपाती, बिस्किट काहीही खाल्लं की रक्तातली साखर वाढते. ती शरीराच्या पेशींमध्ये पोचवण्यासाठी इन्सुलिन लागतं. इन्सुलिन दारावर थाप मारतं, पेशी दार उघडते, साखर आत जाते. पण दिवसभर गोड खाणं, पोटाभोवती वाढलेली चरबी, बैठं काम, अपुरी झोप आणि घराण्यातला मधुमेह यामुळे पेशींना ही थाप नीट ऐकू येईनाशी होते. मग शरीर आणखी इन्सुलिन सोडतं.

हे जास्तीचं इन्सुलिन कातडीच्या पेशींना भराभर वाढायला लावतं. मानेच्या मागे, काखेत, जांघेत कातडी जाड, काळपट आणि मखमलीसारखी होते. डॉक्टर याला अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकान्स म्हणतात. मानेवर बारीक लोंबते मस येतात, तेही पुष्कळदा याच कारणानं. घासल्यानं हे जात नाही, उलट कातडी सोलते आणि आणखी काळी पडते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे डाग मधुमेह व्हायच्या कितीतरी आधी दिसू शकतात. म्हणजे शरीर आपल्याला वेळेवर सांगतंय आणि आपण तो निरोपच घासून काढायला बघतोय.

कातडी आणखी काय सांगते?

रक्तातली साखर वाढलेली राहिली तर कातडी कोरडी पडते, खाज सुटते. मांड्यांत, स्तनांखाली आणि लघवीच्या जागी बुरशीचा त्रास पुन्हा पुन्हा होतो. बायका हे लाजेपोटी सांगत नाहीत. मेडिकलमधून एखादी ट्यूब आणतात, चार दिवस बरं वाटतं, परत सुरू. अशा कितीतरी ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. त्यानं गजकर्ण आणखी चिवट होतं आणि कातडी पातळ पडते. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्येही हेच निघतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अशी ट्यूब लावू नका.

साखर आपल्या कातडीतल्या कोलॅजनलाही चिकटते. कोलॅजन म्हणजे कातडीला ताण देणारे धागे. ते कडक झाले की सुरकुत्या लवकर पडतात. काही मुलींचे पिंपल्सही गोड आणि मैद्याच्या खाण्यानं वाढतात. आणि पायाची जखम लवकर भरत नसेल, तळपायाला मुंग्या येत असतील तर एक दिवसही थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

"मी तर सुकडी, मला कशाला शुगर होईल?"

हे मी दर बैठकीत ऐकते. याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळालंय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं किडकिडीत होती, स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानानं कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबी. आपल्याकडे अंगानं बारीक माणसालाही मधुमेह होतो, त्याचं एक मोठं कारण हे. म्हणून फक्त वजनावर जाऊ नका. पोटाचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर सावध व्हा.

आपल्या घरातला हिशोब

आपण गटाचा हिशोब पैशापैशाचा ठेवतो. साखरेचा ठेवतो का?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. म्हणजे जवळपास सहा छोटे चमचे. आता मोजा. सकाळी घरी एक चहा, सोसायटीत कामाला गेल्यावर एक, कंपनीत असाल तर शिफ्टमध्ये दोन, संध्याकाळी पाहुणे आले की आणखी एक. कपाला दोन चमचे धरले तरी पाच कपांचे दहा चमचे झाले. त्यात ग्लुकोजचं बिस्किट बुडवलं तर त्याचा जवळपास चौथा हिस्सा साखर असते. कोल्ड्रिंकच्या छोट्या बाटलीत चार-पाच चमचे साखर असते.

घरचा हिशोब सोपा आहे. माणशी दिवसाला २५ ग्रॅम म्हणजे महिन्याला पाऊण किलो. घरात पाच माणसं असतील तर साखर आणि गूळ मिळून पावणेचार किलो. बिस्किटं, शीतपेयंही त्यातच आली. या महिन्याची किराणा मालाची यादी काढून बघा.

आणि हो, गूळही साखरच आहे. त्यात थोडं लोह असतं हे खरं, पण रक्तातली साखर तो साखरेसारखीच वाढवतो. "मी गुळाचा चहा घेते" म्हणून चार कप जास्त घेऊ नका.

मग करायचं काय?

• दर आठवड्याला कपातली साखर अर्धा चमचा कमी करा. एकदम बंद केली तर टिकत नाही. तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते.
• रिकाम्या पोटी चहा-बिस्किट खाऊन कामाला जाऊ नका. आधी भाकरी-भाजी, उसळ किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे खा.
• भाताचा एक डाव कमी करा, डाळ आणि भाजीचा एक वाढवा.
• जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला.
• तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. आशाताईंना विचारा.
• उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असेल तर चांगलं. १०० ते १२५ म्हणजे सावध होण्याची वेळ. १२६ किंवा वर आली तर डॉक्टर पुन्हा तपासून सांगतील.
• मुलगी तिशीच्या आतली असली तरी मान काळी, पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर लव असेल तर तिला डॉक्टरांकडे न्या.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोळ्या मनानं बंद करू नयेत. आणि मान काळी असली म्हणजे मधुमेह झालाच असंही नाही, दुसरी कारणंही असतात. तपासणी केल्याशिवाय ठरवू नका.

त्या ताई आठवडाभरानं लेकीला घेऊन तपासणीला गेल्या. लेकीची साखर काठावर निघाली, वेळेत कळलं. मी सोबत होते, म्हटलं, आलाच आहात तर तुमचंही रक्त द्या. त्यांची उपाशीपोटीची साखर १६८ आली. पुन्हा तपासलं, मधुमेहच. मुलीच्या मानेमुळे आईचा आजार सापडला. आता दोघींचा चहा एकाच पातेल्यात होतो, कमी साखरेचा. वजरी पाय घासायला ठेवलीय.

पुढच्या बैठकीत मी येईन तेव्हा चहा अर्ध्या चमच्याचा द्या. आणि प्रत्येक गटानं किती जणींनी तपासणी केली, तेवढं हजेरी वहीत लिहून ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक