परतीचा बाण

आमच्या लोणी भापकरला दिवाळीत बाण सुटला, की मला १९४४ साली युद्धात उतरलेले जर्मनीचे ‘कोमेट’ विमान आठवते. बाणाप्रमाणेच रॉकेट इंजिन हवेतला प्राणवायू घेत नाही. तो सोबत न्यावा लागतो. कोमेटमध्ये इंधन आणि प्राणवायू पुरवणारे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून सुमारे २ टन भरत. ते जेमतेम ८ मिनिटांत संपे. ताशी ९०० किलोमीटरच्या वेगात नेम धरायला वैमानिकाला क्षणच मिळत. पुढे इंजिनाविना तरंगत उतरताना शत्रू गाठी. जपानने त्याच धर्तीवर ‘शूसुई’ बनवले. ७ जुलै १९४५ रोजी इंजिनासह पहिल्याच उड्डाणात ते बंद पडले आणि वैमानिक इनुझुका प्राणांना मुकले. बाणाला परतायचे नसते. आत बसलेल्या माणसाला परतायचे होते.