कॅन्सरची जनुकीय तपासणी : बायोप्सीचा ‘ब्लॉक’ जपून ठेवा

नांदेड/लातूर : पूर्वी गाठ कुठं आहे, किती पसरली, एवढं पाहून कॅन्सरचं औषध ठरायचं. आता गाठीतल्या पेशींच्या जनुकात नेमका काय बिघाड झाला, हेही तपासलं जातं.

शेतकऱ्याला हे लवकर कळेल. सोयाबीनमध्ये तण रुंद पानाचं की गवतवर्गीय, हे बघूनच आपण तणनाशक आणतो. तसंच फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ‘ईजीएफआर’ जनुकात ठराविक बदल सापडला तर गोळ्यांवर उपचार करता येतात. बदल नसेल तर त्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

आपल्याकडं तंबाखू-गुटख्यामुळं होणाऱ्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचाही जनुकीय अभ्यास झाला आहे. पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय संस्था आणि टाटा मेमोरियलचं खारघर येथील केंद्र यांनी तो केला. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तरी तंबाखू सोडणं हाच आजही सगळ्यात खात्रीचा उपाय.

स्तन व अंडाशयाचे काही कॅन्सर आनुवंशिक असतात. आई किंवा वडिलांच्या ‘बीआरसीए’ जनुकात दोष असेल तर प्रत्येक लेकराला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. रक्त तपासून ते कळतं. दोष निघाला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. वेळेत तपासण्या सुरू करता येतात. त्यावरून कुणी लेकीचं लग्न अडवू नये.

बायोप्सीचा तुकडा मेणात जतन करतात, तोच ‘ब्लॉक’. बार्शी किंवा मुंबईला निघताना रिपोर्टसोबत ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबमधून मागून घ्या, उन्हात ठेवू नका. तो हरवला तर पुन्हा बायोप्सीची वेळ येऊ शकते.